आरोग्य केंद्राच्या आवारात डबे नकोत, ईसीजी हवा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी
आणि
जिल्ह्यात अन्नसुरक्षेचं काम पाहणारे मा. सहायक आयुक्त

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात पुन्हा एकदा ‘मोफत हृदय तपासणी शिबिर’ भरणार आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागली, ऑटोवर भोंगा बांधून गावभर पुकाराही झाला. मागच्या शिबिराबद्दल आम्ही आपल्या दोन्ही कार्यालयांना लेखी कळवलं होतं. आरोग्य विभागाने तोंडी सांगितलं, ती मंडळी औषध विकत नाहीत, फूड सप्लिमेंट म्हणजे पूरक गोळ्या-पावडरींचे डबे विकतात, सबब विषय अन्न खात्याचा. अन्न खात्यात सांगितलं, शिबिर आरोग्य केंद्राच्या आवारात झालं, परवानगी आरोग्य विभागाची होती, तिकडेच विचारा. या दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या वाटेने शिबिरवाले दुसऱ्यांदा गावात येत आहेत. म्हणून आता दोघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, आणि तेही उघड.

गावाचं नाव मुद्दाम टाळलं आहे. आमच्या केंद्रातले डॉक्टर आणि सिस्टर आहे त्या साधनांत राबतात, त्यांना नोटीस लागावी हा हेतू नाही. शिवाय अशी शिबिरं काही आमच्याच गावात भरत नाहीत. वऱ्हाडात, झाडीपट्टीत, कुठल्याही बाजाराच्या गावात चौकशी करा.

माझं औषधाचं दुकान आहे. कापूस, तूर, सोयाबीनचा हा पट्टा. मंगळवारी बाजार, त्या दिवशी दुकानात आजूबाजूच्या खेड्यांची गर्दी. ‘भाऊ, छाती धडधड करून राह्यली’, ‘जीव घाबरते’, ‘ठोका चुकल्यावानी होते’ ही वाक्यं मी काउंटरवर रोज ऐकतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘काही ताकदीचं द्या.’ काही जण म्हणतील की शिबिरामुळे याचा धंदा बसतो म्हणून हा बोंबलतो. तर सांगून ठेवतो, तसले डबे माझ्याही फळीवर आहेत आणि त्यांच्यात बीपीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त पैसे सुटतात. शिबिरवाल्यांनी मलाही एजन्सी घे म्हणून विचारलं होतं. धंदाच बघायचा असता तर हे पत्र लिहिण्याऐवजी मी त्यांच्या मांडवात खुर्ची टाकून बसलो असतो.

मांडवात काय चालतं ते आपण कदाचित पाहिलं नसेल. लॅपटॉपला वायरने जोडलेली एक चकचकीत दांडी असते. ती मुठीत धरायची. मिनिटभरात पडद्यावर लाल-हिरव्या पट्ट्या येतात आणि प्रिंटरमधून कागदांचा गठ्ठा बाहेर पडतो. हृदयाची लवचिकता कमी, मॅग्नेशियम कमी, ओमेगा कमी, रक्तवाहिन्यांत चरबी जास्त. आमच्या गावातल्या एका चलाख पोराने दोनदा दांडी धरली. दुसऱ्या वेळी नाव वेगळं सांगितलं आणि वय साठ. लगेच त्याच्या हृदयाची ‘लवचिकता’ घसरली. साहेब, रक्तातलं मॅग्नेशियम मोजायचं तर रक्त काढावं लागतं, आणि हृदयाची लय बघायची तर ईसीजी काढावा लागतो. मुठीत दांडी धरून यातलं काहीच कळत नाही. हे सांगायला माझ्यासारख्या दुकानदाराची गरज पडू नये, पण ज्या भिंतीवर आपल्या खात्याचं नाव रंगवलेलं आहे तिला टेकूनच ती दांडी लोकांच्या हातात दिली गेली.

माझी वहिनी त्या रांगेत होती. वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत आली की तिला मटकन बसावं लागायचं. ‘भाऊजी, कानात ठोके ऐकू येतात,’ म्हणायची. शिबिरात तिला चार डब्यांचा संच मिळाला: मॅग्नेशियम, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, को-एन्झाइम क्यू-१० आणि जडीबुटीची एक पावडर. किंमत तीन हजारांच्या वर. पैसे बचत गटातून उचलले, कारण विकणारी ताई त्याच गटातली. बिल नाही, वहीच्या कागदावर आकडा आणि सही. तीन महिन्यांचा ‘कोर्स’ पुरा करा, मध्ये दवाखान्यात गेलात तर गुण येणार नाही, असंही बजावलं.

तिने कोर्स पुरा केला. धडधड वाढत गेली, पायांवर सूज आली, तेव्हा भावाने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, ‘पाळी किती दिवस जाते?’ हिमोग्लोबिन साडेसहाच्याही खाली निघालं. गर्भाशयात गाठ होती, दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की शरीरात रक्तच उरत नव्हतं. रक्त कमी म्हणून हृदय तेवढ्याच रक्ताला जास्त वेळा फिरवत होतं. रक्त चढवलं, लोहाचं इंजेक्शन झालं, गाठीचा इलाज झाला. धडधड गेली. त्या चार डब्यांत काय नव्हतं, सांगू? लोह.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उद्या शिबिरवाले आपल्यापुढे शास्त्राची चार वाक्यं टाकतील. पूरक गोळ्यांनी धडधडीला गुण येतो का?

येतो. ज्या घटकाच्या कमतरतेने धडधड होते तोच घटक दिला, तर येतो. कमतरता नसेल तर येत नाही, आणि काही गोळ्यांनी उलट त्रास वाढतो. म्हणजे सगळा खेळ आधीच्या तपासणीचा आहे, आणि आमच्या गावात नेमकी तीच नाही.

लोहाचं उदाहरण घरचंच दिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे शेतात निंदणाला बसलेल्या बायकांच्या ओळीत एकीआड एक. यांच्यातल्या कित्येकींची धडधड ही रक्ताची हाक असते. पण विदर्भात लोहसुद्धा डोळे मिटून वाटता येत नाही, कारण आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. त्याला वरून लोहाच्या गोळ्या म्हणजे हृदयाला आणि यकृताला त्रास. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, आपले कर्मचारी त्यासाठी घरोघर फिरले. मग ज्या गावात सिकलसेलची तपासणी चालू आहे, त्याच गावात रक्त न बघता ‘रक्तवाढीचा’ डबा विकू कसा देता?

मॅग्नेशियमचंही तसंच. अंगातलं मॅग्नेशियम खरोखर घसरलं तर ठोके चुकतात, यात वाद नाही. दवाखान्यात एका ठरावीक जीवघेण्या लयबिघाडावर ते शिरेतून देतातसुद्धा. पण घसरतं कोणाचं? खूप दिवस जुलाब होणाऱ्याचं, दारू पिणाऱ्याचं, लघवीच्या गोळ्या चालू असलेल्याचं. आणि एक गट असा आहे की जो माझ्या काउंटरवर सगळ्यात मोठा: सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला. अशा माणसाला मॅग्नेशियमचा डबा विकण्याआधी त्याची ती गोळी खरंच लागते का, हे विचारायला नको? राहिला धडधाकट माणूस. तो ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, तीळ, शेंगदाणे खातो. त्याच्या पोटात मॅग्नेशियम जातंच. आणि ज्याचे मूत्रपिंड थकले आहेत त्याच्या अंगात हेच मॅग्नेशियम साठतं. पोटॅशियमचं तर आणखी कठीण. बीपीच्या काही गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात, त्यावर पोटॅशियमची पावडर पडली की हृदय बंद पडण्यापर्यंत मजल जाते. मांडवात कोणी विचारतं का, ‘आजी, बीपीची कोणती गोळी चालू आहे?’

माशाच्या तेलाची गोष्ट सगळ्यात उफराटी. ‘हृदयासाठी’ म्हणून सगळ्यात महाग कॅप्सूल तीच. अमेरिकेत २५ हजारांवर लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ रोज माशाच्या तेलातलं ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन डी देऊन पाहिलं, काहींना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या दिल्या. २०२१ मध्ये निकाल आला: हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा जो आजार, एट्रियल फिब्रिलेशन, तो ओमेगाने कमी झाला नाही आणि व्हिटॅमिन डीनेही नाही. त्याच वर्षी बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर ओमेगा-३ घेणाऱ्यांत हा लयबिघाड उलट जास्त दिसला, आणि दिवसाला एक ग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत आणखी जास्त. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने ओमेगा-३ च्या औषधांवर हा दुष्परिणाम नोंदवायला लावला. म्हणजे ज्या तक्रारीसाठी माणूस डबा घेतो, त्याच तक्रारीचं एक कारण डब्यात असू शकतं. जवस, मासळी जेवणात खाणं ही वेगळी गोष्ट, त्याला कोणी ना म्हणत नाही.

को-एन्झाइम क्यू-१० बद्दल एवढंच म्हणतो की धडधड थांबवते असा भक्कम पुरावा नाही. पण ज्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे, जे रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिनची गोळी खातात, त्यांच्यात ती त्या गोळीचा जोर कमी करू शकते. आमच्या भागात लहानपणच्या सांधेतापाने झडपा खराब झालेले लोक आहेत. अशी एक बाई माझ्याकडून दर महिन्याला ती गोळी नेते. शिबिरानंतर तिच्या पिशवीत मला क्यू-१० चा डबा दिसला. मी तो काढून ठेवला म्हणून तिचा मुलगा माझ्याशी भांडला, ‘सरकारी दवाखान्यात भेटला ना तो डबा, मंग?’ त्याच्याजवळ बिनतोड मुद्दा होता, आणि तो त्याला आपल्या आवाराने दिला होता.

‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्यही तपासून घ्या. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं आणि ठोके चुकतात. अश्वगंधा घेतल्यावर थायरॉइडचं प्रमाण वाढून धडधड सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. अर्जुनसालीवर लोकांची श्रद्धा आहे, वैद्य ती पारखून देतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे घटकांचं प्रमाण न छापलेल्या पावडरीशी. केसांच्या गोळ्यांत असतं ते बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांनाच फसवतं, थायरॉइड चांगला असताना वाढलेला दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्यावर सूचना काढली. हे आमच्या तालुक्यातल्या एकाही लॅबमध्ये पेशंटला विचारत असतील असं मला वाटत नाही.

तरीही लोक म्हणतात, ‘मले तर गुण आला.’ ते खोटं बोलत नाहीत. पुष्कळ जणांची धडधड निरुपद्रवी असते, मधला एखादा ठोका आधीच पडतो, आठ-पंधरा दिवस जाणवतो आणि आपोआप थांबतो. त्या पंधरवड्यात जे पोटात गेलं असेल त्याला श्रेय जातं. शिवाय शिबिरवाले सांगतात, पाणी भरपूर प्या, चहा कमी करा, तंबाखूचा खर्रा सोडा. ऐकणाऱ्याला बरं वाटणारच! मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दिवसभर बिनपाण्याचं राबलं, वर पाच कप चहा आणि तोंडात सतत खर्रा, तर कोणाचंही काळीज धावेल. तंबाखूतलं निकोटिन ठोके वाढवतं हे तर खर्रा घोटणारालाही माहीत आहे. खर्रा सुटल्याचा गुण कॅप्सूलच्या नावावर जमा होतो, आणि सहा महिन्यांनी कॅप्सूल चालू असते, खर्राही परत आलेला असतो.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या ताईने माझ्या वहिनीचं बोलणं अर्धा तास ऐकलं. ‘नवरा काय म्हणतो, झोप येते का, कामाचा ताण किती’ सगळं विचारलं. पाळीचं तेवढं विचारलं नाही. आपल्या ओपीडीत एका डॉक्टरपुढे शंभराच्या वर माणसं असताना अर्धा तास कोण देणार? विकणारे आमच्याच गावचे आहेत, त्यांनाही वरून माल उचलायला लावलेला आहे, त्यांच्याही घरात न खपलेले डबे पडून आहेत. म्हणून या पत्रात त्यांना शिव्या नाहीत. तक्रार आपल्याकडे आहे.

पहिली तक्रार ईसीजीची. आरोग्य केंद्रात यंत्र आहे. मी पाहिलं तेव्हा त्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर पल्स पोलिओच्या फलकांची चळत. छातीला लावायचे रबरी फुगे चिकट होऊन फाटलेले, कागदाचा रोल संपलेला. ‘मागणी पाठवली आहे’ हे उत्तर बरेच दिवस ऐकतो आहे. धडधडीच्या बाबतीत या यंत्राचं गावात असणं का महत्त्वाचं, हे आपण डॉक्टर असल्याने जाणताच, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. धडधडीचे झटके येतात आणि जातात. झटका चालू असताना काढलेला ईसीजी सगळं सांगतो, झटका गेल्यावर काढलेला पुष्कळदा ‘नॉर्मल’ येतो. आमच्या फाट्यावर एसटी येईपर्यंत, ती जिल्ह्याला पोहोचेपर्यंत आणि तिथल्या रांगेत नंबर लागेपर्यंत झटका कधीच निघून गेलेला असतो. मग पेशंटला सांगतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ तो घरी येतो आणि मांडवात जातो.

दुसरी तक्रार लाल गोळ्यांची. लोह आणि फॉलिक ॲसिडची ती गोळी उपकेंद्रात फुकट मिळायला हवी. ती अधूनमधून गायब असते, आणि असते तेव्हा कशी घ्यायची हे कोणी नीट सांगत नाही. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की लोह अंगी लागत नाही. पोट दुखतं, शौचाला काळं होतं, बाई घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकते. आशाताईंना दोष नको, त्यांच्या डोक्यावर आधीच एवढ्या नोंदवह्या आहेत.

तिसरी तक्रार कायद्याची, ती मुख्यतः सहायक आयुक्त साहेबांकडे. हृदयविकार बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, त्याच्या यादीत हृदयरोग स्पष्ट लिहिलेला आहे. ‘आमचं औषध नाही, अन्न आहे’ म्हटलं तर २०१६ चे सप्लिमेंटचे नियम आहेत: रोग बरा होतो असा दावा करायचा नाही आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं डब्यावर छापायचं. वहिनीच्या डब्यावर ते छापलेलं आहे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मांडवातल्या बॅनरवर मात्र हातभर मराठी अक्षरं होती, ‘धडधड, ब्लॉकेज, बीपी यापासून कायमची मुक्ती’. फसव्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. बॅनरचा फोटो आम्ही तक्रारीला जोडला होता. महाराष्ट्रात अन्न आणि औषध दोन्ही एकाच प्रशासनाखाली आहेत, त्यामुळे ‘हे अन्न की औषध’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला दुसऱ्या इमारतीतही जावं लागत नाही.

चौथी, बिलाची. बिल नाही म्हणून ग्राहकाला तक्रार करणं अवघड जातं. माझ्या दुकानात बिल नसेल तर आपले निरीक्षक परवान्यापर्यंत जातात, आणि ते योग्यच आहे. तोच नियम मांडवाला का नाही?

आता आमच्या मागण्या.

१. आरोग्य केंद्र, उपकेंद्र, शाळा, ग्रामपंचायत अशा कोणत्याही सरकारी आवारात, काही विकायचं असलेल्या शिबिराला परवानगी देऊ नये. येणारं शिबिर रद्द करून तसा लेखी आदेश काढावा आणि तो त्याच फलकावर लावावा.

२. ईसीजी यंत्र महिन्याच्या आत चालू करावं. काढायला सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना शिकवावं. वाचायला तज्ज्ञ नसेल तर ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सेवेवरून दाखवावा, सोय आहेच. आणि ‘धडधड चालू असताना कधीही या, नंबर लावू नका’ असा फलक दारावर हवा.

३. धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची नाडी, बीपी, हिमोग्लोबिन, साखर बघितली जावी आणि गरजेप्रमाणे थायरॉइड व सिकलसेलची तपासणी व्हावी. बाईमाणूस असेल तर पाळीचं विचारावं, आडोशाला, सिस्टरने.

४. लाल गोळ्यांचा साठा किती आहे हे उपकेंद्राच्या दारावर दर महिन्याला लिहावं.

५. मागच्या शिबिरातल्या डब्यांचे नमुने घेऊन तपासणीला पाठवावेत. न उघडलेले डबे आमच्याकडे आहेत, हवे तेव्हा देतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे खरेदीदार स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो, हे आम्हाला माहीत आहे. पण त्यासाठीही विकणाऱ्याला विकत घेतानाच तसं सांगावं लागतं. तेव्हा या वेळी शिबिर भरलंच, तर आम्ही तसं सांगून, बिल मागून डबा घेणार आहोत. आपला अन्न सुरक्षा अधिकारी त्या दिवशी हजर असावा.

६. आम्हा औषध दुकानदारांनाही बोलवा. हृदयाच्या, बीपीच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला कोणतं सप्लिमेंट विकू नये याची एका पानाची मराठी यादी द्या. तालुक्यातले दुकानदार ती काउंटरवर चिकटवतील याची जबाबदारी मी घेतो.

हे पत्र गावातले लोकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर माझ्या दुकानातही येऊ नका. १०८ ला फोन लावा. फवारणी करता करता धडधड, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेच करा, आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत न्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. डॉक्टरांकडे जाताना घरात जी जी गोळी, पावडर, काढा चालू आहे ते सगळं एका पिशवीत घालून न्या, लपवू नका. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, माझ्याही नाही.

महोदय, शिबिराला अजून वेळ आहे. आपलं लेखी उत्तर, जे काही असेल ते, येत्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं ठरलं आहे. उत्तर आलं नाही तर हेच पत्र वाचू, ठराव घेऊ आणि ठरावाची प्रत घेऊन दोन्ही कार्यालयांत एकाच दिवशी येऊ. वहिनीही येणार आहे. तिची कागदपत्रं, दांडीच्या यंत्राचा गठ्ठा आणि मोठ्या दवाखान्यातला रक्ताचा रिपोर्ट, दोन्ही तिच्याजवळ आहेत. ती म्हणते, ‘साहेबांले दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.’

आपला,
एक औषध दुकानदार
आणि सोबत सह्या करणारे ग्रामस्थ